सातशे रुपयांची सायकल आणि बेळगावचे दुकान

वऱ्हाडातील शेतकऱ्याला किर्लोस्कर हे नाव परिचयाचे आहे ते विहिरीवरच्या पंपामुळे आणि ऑइल इंजिनामुळे. अमरावती-अकोल्याच्या शहरी घरांत ते ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ या मासिकांमुळेही पोहोचले. हे नाव पाटीवर प्रथम चढले ते मात्र पंपामुळे नव्हे, नांगरामुळे नव्हे आणि मासिकामुळे तर नव्हेच. १८८८ साली बेळगावात सायकलींचे एक दुकान निघाले. ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ हे त्याचे नाव. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्यावरील लेखनात या दुकानाचा उल्लेख सहसा एका ओळीत उरकला जातो. सायकलदुरुस्तीचे छोटेसे दुकान काढून पुढे कारखानदार झालेला माणूस, असे ते चित्र. वाचकाच्या डोळ्यांसमोर मग रस्त्याच्या कडेचे, पंक्चर काढणारे, पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवणारे दुकान उभे राहते. या चित्रात एक मोठी गफलत आहे. १८८८ साली सायकल हे गरिबाचे वाहन नव्हते. व्यक्तीला स्वतःच्या मालकीचे म्हणून बाळगता येईल अशा यंत्रांपैकी ते अत्यंत महागडे आणि अत्यंत नवे यंत्र होते.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे पंडित. मुलानेही त्याच वाटेने जावे, अशी त्यांची अपेक्षा होती. मुलाचे मन शाळेच्या पुस्तकात रमेना. त्याला ओढ होती ती चित्रे काढण्याची आणि यंत्रे खोलून पाहण्याची. वडिलांची नाराजी पत्करून, परंतु थोरले बंधू रामचंद्रपंत ऊर्फ रामूअण्णा यांच्या पाठिंब्याच्या बळावर, १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. दोन वर्षे गेली आणि ध्यानात आले की, आपल्याला काही रंगांतील भेद नीट कळत नाही. चित्रकार होऊ पाहणाऱ्या तरुणावर याहून क्रूर आघात कोणता? घरच्यांचा विरोध ओलांडून गाठलेले शहर, भावाने उचललेला भार आणि हाती आलेले हे निदान. परत गावी जाणे हा सोपा मार्ग होता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, रेघ सोडली नाही. यांत्रिक आरेखनात रंगांचे काम नसते. तेथे लागतो तो नेमका हात आणि वस्तू आतून कशी असेल हे पाहणारी नजर. त्या बळावर ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये आरेखनाचे साहाय्यक शिक्षक झाले. ही संस्था १८८७ मध्ये स्थापन झालेली, म्हणजे तीही नवीनच. पगार दरमहा ४५ रुपये. रिकामा वेळ ते संस्थेच्या कार्यशाळेत घालवीत. कागदावर काढलेला भाग लोखंडात कसा उतरतो, हे त्यांनी तेथे पाहिले आणि हाताने करून शिकले.

याच दिवसांत मुंबईच्या रस्त्यावर त्यांनी एका पारशी गृहस्थांना सायकलवरून जाताना पाहिले. दोन चाकांवर, कशाचाही आधार नसताना, माणूस स्वतःच्या पायांच्या बळावर पुढे जातो आणि पडत नाही, हे दृश्य त्यांना खेचून घेणारे ठरले. त्यांनी सायकल मिळवली आणि ते ती चालवायला शिकले. 

सायकल आणि लक्ष्मणराव हे तसे समवयस्कच. ज्या १८६९ साली त्यांचा जन्म झाला, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पॅरिस ते रुआँ ही गावोगावच्या रस्त्यांवरून धावणारी पहिली लांब पल्ल्याची सायकलशर्यत झाली. तेव्हाच्या सायकलींची पॅडले थेट पुढच्या चाकाला जोडलेली असत. वेग वाढवायचा तर चाक मोठे करणे एवढाच उपाय होता, म्हणून पुढे माणसाच्या छातीइतक्या उंच चाकाच्या सायकली आल्या आणि त्यांवरून तोंडघशी पडणेही आले. १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यांनी ‘रोव्हर’ सायकल आणली. तिची दोन्ही चाके जवळपास सारख्या आकाराची होती आणि पायांचे बळ साखळीने मागच्या चाकाला पोहोचत होते. आज रस्त्यावर दिसणारी प्रत्येक सायकल तिच्याच वंशातली. पोलादी नळ्यांची चौकट, छर्ऱ्यांवर फिरणारे आस, ताणलेल्या तारांचे आरे आणि दात्यांवर बसणारी साखळी, असा हा मेळ होता. बेळगावचे दुकान निघाले त्या १८८८ मध्येच बेलफास्ट येथे राहणाऱ्या जॉन बॉइड डनलॉप यांनी हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. पुढच्याच वर्षी विली ह्यूम या स्वाराने त्या टायरांवर बेलफास्टच्या शर्यती जिंकल्या आणि भरीव रबराच्या धावांचे दिवस सरत आले. दुकान सुरू झाले ते या उलथापालथीच्या ऐन मध्यावर.

व्यवहार असा होता. लक्ष्मणराव मुंबईत सायकली विकत घेऊन बेळगावला पाठवीत. तेथे रामूअण्णा त्या विकत. एका सायकलीची किंमत ७०० ते १,००० रुपये. ती विकत घेणाऱ्याला चालवायला शिकवण्याचे १५ रुपये वेगळे. हे आकडे अनेकदा छापले गेले आहेत. परंतु ते लक्ष्मणरावांच्या पगाराशेजारी ठेवून पाहिले म्हणजे त्यांचा खरा अर्थ उमगतो. मुंबईतल्या एका तांत्रिक शिक्षकाला एक सायकल घ्यायची तर जवळपास १६ ते २२ महिन्यांचा सगळा पगार, एक पैही खर्च न करता, साठवावा लागला असता. नुसते शिकायचे म्हटले तरी महिन्याच्या कमाईचा तिसरा हिस्सा गेला असता. तेव्हा बेळगावचे गिऱ्हाईक कोण असणार, हे वेगळे सांगायला नको. ज्याच्या गाठीला पैसा आहे, ज्याला नव्याची हौस आहे आणि चारचौघांसमोर पडण्याची ज्याची तयारी आहे, असाच माणूस त्या दुकानाची पायरी चढणार.

शिकवणीचे ते १५ रुपये या कथेत फार महत्त्वाचे आहेत. बेळगावात सायकल विकायची तर ती काय आहे आणि कशी वापरायची हे ठाऊक असलेला ग्राहकच अस्तित्वात नव्हता. घोड्यावर बसणारे होते, टांगा हाकणारे होते. पण तोल सांभाळत पॅडल मारणारे कोणी नव्हते. धोतराचा सोगा साखळीत अडकण्यापासून सगळेच धडे नवे. यंत्र विकणाऱ्यानेच ते वापरणारा माणूस घडवायचा, हा नियम लक्ष्मणराव येथे शिकले. शाळामास्तराला तो अवघड गेला नसावा.

दुरुस्तीचे महत्त्वही याच प्रकारचे. इंग्लंडात बनलेल्या सायकलीचा एखादा भाग निकामी झाला तर तो समुद्रापलीकडून येईपर्यंत महागडे यंत्र भिंतीला टेकून उभे राहणार. म्हणजे भाग उघडून पाहणे, झिजलेले ओळखणे, जमेल ते घडवणे हे ओघाने आले. सायकल हे यासाठी अपूर्व पाठ्यपुस्तक होते. तिच्यात झाकलेले असे जवळपास काहीच नसते. चाकाचा आउट काढताना एक आरा घट्ट केला की समोरचा कसा बोलतो, हे बोटांना कळते. चौकटीच्या नळ्या पितळेचा डाक देऊन जोडलेल्या असतात. उष्णता कमी पडली तर सांधा धरत नाही आणि जास्त झाली तर पोलादाचा कस जातो. नळी आतून पोकळ असूनही भार का पेलते, या प्रश्नाचे उत्तर शोधणारा माणूस धातूकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतो. बर्मिंगहॅमचे खिळे बनवणारे रेनॉल्ड्स घराणे याच प्रश्नापाशी पोहोचले होते. दोन्ही टोकांना जाड आणि मध्ये पातळ अशा नळीचे पेटंट त्यांनी १८९७ मध्ये घेतले आणि १९३५ मध्ये आणलेली त्यांची ‘५३१’ नळी पुढे कित्येक दशके शर्यतीच्या सायकलींची ओळख बनली. 

सायकलीच्या दुकानातून मोठ्या यंत्रांकडे गेलेले भाऊ जगाला ठाऊक आहेत ते राइट बंधू. अमेरिकेत डेटन येथे त्यांनी १८९२ मध्ये सायकलीचे दुकान काढले, म्हणजे बेळगावच्या किर्लोस्कर बंधूंनंतर चार वर्षांनी. तुलना येथेच थांबवावी. राइट बंधूंच्या पाठीशी ओहायोतील कारखानदारीचे तयार जग होते. बेळगावला साधा लेथ चालवणारा कारागीर मिळणे ही शोधाशोध करण्याची बाब होती.

इकडे मुंबईच्या संस्थेत लक्ष्मणरावांच्या वाट्याला अपमान आला. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन शिक्षकाला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली. घरसंसार असलेल्या माणसाने सरकारमान्य संस्थेतील पगार सोडून जिल्ह्याच्या गावी दुकानात बसणे हे त्या काळच्या पांढरपेशा समाजाला वेडेपणाचेच वाटले असणार. ते बेळगावला आले, ते कायमचे. सायकलीच्या धंद्याचे दिवसही तोवर पालटत होते. इंग्लंड-अमेरिकेत १८९० च्या दशकात सायकलीची जी लाट उसळली, ती दशकाच्या अखेरीस ओसरली आणि भाव कोसळले. हजार रुपयांच्या वस्तूची मिरवणूक फार काळ चालणारी नव्हती. लक्ष्मणरावांना परक्याने बनवलेले यंत्र विकण्यात आयुष्य घालवायचे नव्हतेच. त्यांना यंत्र बनवायचे होते.

प्रथम बनले ते कडबा कापण्याचे यंत्र. मग १९०३ मध्ये लोखंडी नांगर. याच वर्षाच्या डिसेंबरात राइट बंधूंचे विमान उडाले. बेळगावचा नांगर मात्र जागचा हलेना. लोखंडाने जमिनीला विष चढते, रान नापीक होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली. हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नाही. ज्याचे वर्षाचे अन्न एका नांगरटीवर अवलंबून असते, त्याने नव्या अवजाराकडे संशयाने पाहिले तर त्यात अडाणीपणापेक्षा सावधपणा अधिक असतो. काळ्या जमिनीची हरळी मुळासकट उपटायला लाकडी नांगर किती अपुरा पडतो, हे वऱ्हाडातल्या शेतकऱ्यालाही सांगावे लागत नाही. पण त्यावरचा उपाय विश्वासाचा आहे हे सांगावे लागते. सायकलीच्या गिऱ्हाइकाला हौस होती आणि तोल शिकण्यापुरती भीती. नांगराच्या गिऱ्हाइकाकडे हौसेला जागा नव्हती. तेथे पुन्हा शिकवणी आली. लक्ष्मणरावांनी तक्रारी ऐकल्या, नांगराच्या रचनेत बदल केले आणि ते वाट पाहत राहिले.

थोडे स्थिरावत असतानाच बेळगाव नगरपालिकेला वसाहतीसाठी कारखान्याची जागा हवी झाली आणि बिऱ्हाड उचलण्याची पाळी आली. या वेळी धावून आले ते औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी. हे संस्थानिक स्वतः चित्रकार होते. रंग न दिसल्याने कलेचे शिक्षण सोडावे लागलेल्या माणसाला आधार द्यावा तो चित्रकार राजाने, हा योग विलक्षणच. कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचे कर्ज त्यांनी दिले. जमीन म्हणजे निवडुंगाचे रान. पाणी नाही, नागसापांचा सुळसुळाट. १९१० च्या मार्चमध्ये पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे घेऊन लक्ष्मणराव तेथे उतरले. किर्लोस्करवाडीची ही सुरुवात. वस्तीत अस्पृश्यतेला थारा नव्हता. रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले गेले ते एकेकाळी दरोडेखोरीसाठी शिक्षा भोगलेले लोक. पाहुण्यांना याचा धसका बसे. लक्ष्मणरावांना माणूस नव्याने घडवण्याची ही रीत नवी नव्हती.

पुढचा विस्तार सर्वज्ञात आहे. १९२० मध्ये ‘किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड’ नोंदवली गेली, म्हणजे सायकलीच्या दुकानाच्या पाटीवरचेच नाव कंपनीला राहिले. त्याच वर्षी ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले. पुतणे शंकरराव यांनी त्याचे ‘किर्लोस्कर’ मासिक केले. थोरले चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील एम.आय.टी.मधून यंत्रशास्त्राची पदवी घेऊन आले आणि पंप, लेथ, विजेच्या मोटारी, ऑइल इंजिने असा पसारा वाढत गेला. आपल्या मुलाला या शिक्षणासाठी समुद्रापार धाडणाऱ्या बापाचे स्वतःचे शिक्षण कार्यशाळेत आणि सायकलीच्या चौकटीशी झटतानाच झाले होते.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. त्याच वर्षी लुधियानात हीरो सायकल्सची सुरुवात झाली आणि पुढच्या काळात सायकल खरोखरच दूधवाल्याची, शाळामास्तरांची, कामगाराची झाली. टपरीवजा सायकलदुकानाचे जे चित्र आपण नकळत १८८८ वर चिकटवतो, ते या नंतरच्या काळातले आहे. लक्ष्मणरावांच्या जन्मशताब्दीला, १९६९ मध्ये, टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. कुंडल रोड स्टेशनची पाटी बदलून तेथे किर्लोस्करवाडी हे नाव आले. आणि बेळगावात ज्या रस्त्यावर सातशे रुपयांच्या सायकली विकल्या जात, त्याला आज किर्लोस्कर रोड म्हणतात.