मृत वैद्यावरचा खटला

सोळाव्या शतकात मुंबई बेट पोर्तुगीज राजाकडून ज्यांना खंडाने मिळाले होते, ते गार्सिया द ओर्ता आज स्मरणात आहेत ते भारतीय वनौषधींवरील ग्रंथामुळे. मृत्यूनंतर बारा वर्षांनी त्यांच्यावर धर्मद्रोहाचा दोष ठेवून त्यांच्या अस्थी जाळण्यात आल्या, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

ओर्ता यांचे आईवडील स्पेनमधील ज्यू. 1492 मध्ये तेथून हद्दपार झालेले हे कुटुंब पोर्तुगालला आले आणि 1497 मध्ये तेथील ज्यूंवर बाप्तिस्मा लादण्यात आला. अशा नवख्रिश्चनांच्या घरी 1501 च्या सुमारास गार्सिया जन्मले. सालामांका व अल्काला येथे वैद्यक शिकून 1534 मध्ये ते मार्तिम आफोन्सो द सोझा यांचे वैद्य म्हणून गोव्यात आले. मायदेशी इन्क्विझिशनचे वारे वाहू लागले होते. दूरचा गोवा त्यांना सुरक्षित वाटला असावा.

गोव्यात त्यांचा जम उत्तम बसला. गव्हर्नर, व्हाइसरॉय त्यांच्याकडून औषध घेत. देऊळगाव राजाजवळच्या सिंदखेडचे लखुजी जाधव पुढे ज्या निजामशाहीचे सरदार झाले, त्या अहमदनगरच्या दरबारातही ओर्ता यांचा वावर होता. बुऱ्हाण निजामशहा त्यांचा रुग्ण आणि मित्रही होता. हिंदू वैद्य, मुसलमान हकीम, व्यापारी अशा सर्वांना ते विचारीत व ऐकलेले पडताळून पाहत. मुंबईतील आपल्या आंब्याचे झाड वर्षातून दोनदा फळते, हेही त्यांनी नोंदवून ठेवले आहे! 1563 मध्ये गोव्यातच छापलेल्या त्यांच्या संवादरूप ग्रंथात हिंग, अफू, भांग, नारळ आहेत, पटकीचे प्रत्यक्ष पाहिलेले वर्णन आहे आणि ग्रीक आचार्यांच्या चुका दाखविण्याचे धैर्यही आहे. महाकवी कामोइंश यांची पहिली छापील कविता याच पुस्तकात आली.

परंतु 1560 मध्ये इन्क्विझिशन गोव्यातही आले होते. ओर्ता 1568 मध्ये वारले आणि त्यानंतर लगेच त्यांच्या कुटुंबीयांची धरपकड सुरू झाली. बहीण कातारिना हिला 25 ऑक्टोबर 1569 रोजी जिवंत जाळण्यात आले. गार्सिया अंतर्यामी ज्यू धर्मच मानीत होते, अशा जबान्या न्यायासनाने आप्तांकडून मिळविल्या. कोठडीतील भयाने दिलेल्या जबानीला किती वजन द्यायचे? ज्याला उत्तर देणे शक्य नव्हते, त्याच्याविरुद्ध मात्र ती पुरेशी ठरली. 1580 मध्ये कॅथेड्रलमधील थडगे उकरून अस्थी अग्नीच्या स्वाधीन करण्यात आल्या.

याच काळात क्लूसियस यांनी अँटवर्पमध्ये 1567 साली काढलेल्या संक्षिप्त लॅटिन रूपांतराच्या आवृत्त्या युरोपात खपत होत्या. गोव्यातील इन्क्विझिशन 1812 मध्ये बंद झाले. काउंट फिकाल्यो यांनी 1886 मध्ये ओर्ता यांचे विस्तृत चरित्र लिहिले, त्यात या खटल्याचा मागमूसही नाही. न्यायासनाच्या दप्तरातून ही हकिकत आउगुश्तो द सिल्वा कार्व्हाल्यो यांनी उजेडात आणली, ती 1934 मध्ये. पणजीच्या चर्चसमोरील उद्यानाला ओर्ता यांचे नाव आहे.