मित्राविना आलेले जगज्जेतेपद

फॉर्म्युला वन म्हटले की आजच्या पिढीच्या डोळ्यांसमोर मायकेल शूमाकर, लुईस हॅमिल्टन किंवा मॅक्स व्हर्स्टॅपेन उभा राहतो. या शर्यतींच्या जगज्जेतेपदावर सर्वप्रथम ब्रिटनचे नाव कोरणाऱ्या माइक हॉथॉर्नची आठवण मात्र क्वचितच निघते. १९५८ मध्ये त्याने अवघ्या एका गुणाने हा मान पटकावला आणि वयाच्या २९ व्या वर्षीच शर्यतीला रामराम ठोकला. ज्याच्या खांद्यावर हात टाकून हा आनंद साजरा करायचा, तो जिवलग मित्र पीटर कॉलिन्स अडीच महिन्यांपूर्वीच काळाच्या पडद्याआड गेला होता.

हॉथॉर्नचा जन्म १० एप्रिल १९२९ रोजी यॉर्कशायरमधील मेक्सबरो येथे झाला. वडील लेस्ली यांना मोटारसायकल शर्यतींचा नाद होता. ब्रुकलँड्सची धावपट्टी जवळ पडावी म्हणून त्यांनी सरे परगण्यातील फार्नहॅम येथे गॅरेज थाटले. इंजिनांच्या आवाजातच माइक लहानाचा मोठा झाला. १९५२ मध्ये कूपर-ब्रिस्टल गाडीतून त्याने बड्या चालकांना घाम फोडला आणि पुढच्याच वर्षी फेरारी संघाने त्याला करारबद्ध केले. ५ जुलै १९५३ रोजी फ्रान्समधील रीम्स येथे त्याने साक्षात हुआन मॅन्युएल फँजिओला अखेरच्या क्षणी मागे टाकले. जागतिक अजिंक्यपद मालिकेतील शर्यत जिंकणारा तो पहिला ब्रिटिश चालक ठरला. उंचापुरा, सोनेरी केसांचा आणि गळ्यात बो टाय बांधून शर्यतीला उतरणारा हा तरुण फ्रेंच प्रेक्षकांत ‘पापियों’, म्हणजे फुलपाखरू, या नावाने ओळखला जाऊ लागला.

या यशाला वेदनेची किनारही होती. १९५४ मध्ये रस्ते अपघातात वडिलांचे निधन झाले. मूत्रपिंडाच्या विकारामुळे त्याला लष्करी सेवेसाठी अपात्र ठरवण्यात आले होते, तरीही सेवा चुकवल्याचा ठपका ठेवत ब्रिटिश वृत्तपत्रांनी त्याच्यावर टीकेची झोड उठवली. १९५५ मध्ये ले मान्स येथील २४ तासांची शर्यत त्याने आयव्हर ब्यूबच्या साथीने जग्वार डी-टाइप गाडीतून जिंकली. मात्र त्याच शर्यतीत एक मर्सिडीझ गाडी प्रेक्षकांत घुसून ८० हून अधिक जण मृत्युमुखी पडले. चौकशीत कोणत्याही चालकाला दोषी धरले गेले नाही, तरी अपघातापूर्वी हॉथॉर्नने लावलेल्या ब्रेकची चर्चा पुढे अनेक वर्षे सुरू राहिली.

अशा काळात त्याला कॉलिन्सची सोबत लाभली. ६ नोव्हेंबर १९३१ रोजी किडरमिन्स्टर येथे जन्मलेला पीटर हा हॉथॉर्नपेक्षा अडीच वर्षांनी लहान. त्याच्याही घरी मोटारींचाच व्यवसाय होता. स्पोर्ट्स कारवर त्याचा भारी जीव. अॅस्टन मार्टिनच्या गाड्यांतून त्याने नाव कमावले आणि १९५५ मध्ये सिसिलीतील डोंगराळ वाटांवरची तार्गा फ्लोरिओ शर्यत स्टर्लिंग मॉससह मर्सिडीझमधून जिंकली.

१९५६ मध्ये कॉलिन्स फेरारीत दाखल झाला. हंगामातील अखेरची शर्यत २ सप्टेंबरला मोंझा येथे होती. विजेतेपदाची त्याची संधी अद्याप शाबूत होती. संघातील ज्येष्ठ सहकारी फँजिओची गाडी स्टिअरिंगच्या बिघाडामुळे बाद झाली होती. त्या काळच्या नियमांनुसार एका चालकाला आपली गाडी दुसऱ्याच्या हवाली करता येत असे. गाडी थांबताच कॉलिन्स खाली उतरला आणि त्याने आपली जागा फँजिओला दिली. फँजिओ दुसरा आला आणि चौथ्यांदा जगज्जेता झाला. कॉलिन्स तेव्हा अवघा २४ वर्षांचा होता. विजेतेपदासाठी आपल्याला अजून पुष्कळ वर्षे आहेत, असा त्याचा विश्वास होता. प्रत्यक्षात त्याच्या हाती दोन वर्षेही उरली नव्हती.

१९५७ मध्ये हॉथॉर्न फेरारीत परतला आणि दोघे एकाच संघात आले. या खेळात सहकारी हाच पहिला प्रतिस्पर्धी असतो, कारण तुलना होते ती एकसारख्या गाडी चालवणाऱ्याशी. या दोघांनी मात्र मैत्रीत ही स्पर्धा येऊ दिली नाही. फ्रेंच आणि इंग्रजीतील ‘मित्र’ या अर्थाचे शब्द जोडून ते एकमेकांना ‘मोनामी मेट’ अशी हाक मारत. १९ जुलै १९५८ रोजी सिल्व्हरस्टोन येथील ब्रिटिश ग्रां प्रीमध्ये कॉलिन्स पहिला, तर हॉथॉर्न दुसरा आला.

त्यानंतर पंधराच दिवसांनी, ३ ऑगस्टला, जर्मनीतील नुर्बर्गरिंगवर दोघे टोनी ब्रूक्सच्या व्हॅनवॉलचा पाठलाग करत होते. अकराव्या फेरीत फ्लान्झगार्टन या वळणावर कॉलिन्सची गाडी कडेला आदळून उलटली. त्या काळी चालकाला सीटबेल्ट नसे आणि धावपट्टीला लागूनच झाडे असत. कॉलिन्स बाहेर फेकला जाऊन झाडावर आदळला. त्याच दिवशी बॉन येथील रुग्णालयात त्याची प्राणज्योत मालवली. वय अवघे २६. मागोमाग येणाऱ्या हॉथॉर्नने हे सारे डोळ्यांनी पाहिले. कास्तेलोत्ती, द पोर्तागो, मुसो आणि आता कॉलिन्स. दीड वर्षाच्या आत फेरारीने गमावलेला हा चौथा चालक होता.

हॉथॉर्नचे मन शर्यतीवरून उडाले. तरीही त्याने हंगाम पूर्ण केला. पोर्तुगालमधील शर्यतीत बंद पडलेली गाडी त्याने उलट दिशेने ढकलल्याचा आक्षेप घेण्यात आला. दुसऱ्या क्रमांकाचे गुण हातचे जाण्याची वेळ आली असताना त्याच्या बाजूने साक्ष दिली ती विजेतेपदासाठी त्याच्याशीच झुंजणाऱ्या स्टर्लिंग मॉसने. गाडी धावपट्टीवर नव्हे तर पदपथावर होती, हे त्याने अधिकाऱ्यांना पटवून दिले आणि हॉथॉर्नचे गुण वाचले. १९ ऑक्टोबरला कॅसाब्लांका येथे मॉस जिंकला, हॉथॉर्न दुसरा आला. अंतिम हिशेब होता हॉथॉर्न ४२, मॉस ४१. हंगामात मॉसने चार शर्यती जिंकल्या होत्या, तर हॉथॉर्नने केवळ एक. २०२० मध्ये निधन झालेल्या मॉसला जगज्जेतेपद कधीच लाभले नाही.

निवृत्त झालेल्या हॉथॉर्नपुढे वडिलांचे गॅरेज आणि ठरलेले लग्न होते. २२ जानेवारी १९५९ रोजी तो फार्नहॅमहून लंडनकडे निघाला. गिल्डफर्डच्या बाह्यवळण रस्त्यावर ओळखीच्या एका संघमालकाची मर्सिडीझ दिसताच त्याने आपली जग्वार पुढे काढली. रस्ता ओला होता, वारा सुसाट होता. गाडी घसरून झाडावर आदळली आणि हॉथॉर्न जागीच गतप्राण झाला. मित्र जाऊन सहा महिनेही झाले नव्हते. शर्यत सोडली, तरी वेगाची ओढ सुटली नव्हती.

त्याच्या नावाचा स्मृतिचषक ब्रिटन व राष्ट्रकुलातील सर्वोत्तम फॉर्म्युला वन चालकाला दिला जाऊ लागला. हॅमिल्टननेही तो अनेकदा पटकावला. कॉलिन्सच्या नावे मात्र एकही जगज्जेतेपद नाही. मोंझाच्या धावपट्टीवर गाडीतून खाली उतरताना त्याने ते दुसऱ्याच्या हाती दिले होते. १९५८ च्या विजेतेपदाची कहाणी मॉसच्या दिलदारीशिवाय जशी पूर्ण होत नाही, तशीच ती कॉलिन्सच्या नावाशिवायही पूर्ण होत नाही.