कुष्ठपीडितांची माउली : मदर मॅरियन कोप

सन १८८३, नोव्हेंबर महिन्याची ८ तारीख. प्रशांत महासागरातील हवाई राज्याची राजधानी असलेल्या होनोलुलूच्या बंदरात एक आगबोट नांगरली आणि तीतून सात ख्रिस्ती धर्मभगिनी उतरल्या. हजारो मैलांचा प्रवास करून अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातून त्या आल्या होत्या, त्या कुष्ठरोग्यांच्या शुश्रूषेसाठी. त्यांच्या प्रमुख मदर मॅरियन यांचा विचार येथील कामाची घडी बसवून काही आठवड्यांतच परतण्याचा होता. प्रत्यक्षात त्या पुन्हा कधीच माघारी गेल्या नाहीत. पुढची पस्तीस वर्षे त्यांनी या बेटांवर काढली आणि येथेच देह ठेवला.

कुष्ठसेवा म्हटली की जगाला आठवतात ते फादर डॅमियन. रोग्यांमध्ये राहून, त्यांचाच आजार जडून मरण पावलेल्या या धर्मगुरूची कथा सर्वतोमुखी झाली. मदर मॅरियन यांचे नाव त्या मानाने मागे राहिले. मात्र डॅमियन यांच्यानंतर त्यांचे कार्य ज्यांनी तीन दशके सांभाळले, वाढवले आणि शिस्तीच्या पायावर उभे केले, त्या याच.

मदर मॅरियन यांचे मूळ नाव बार्बरा कोब. २३ जानेवारी १८३८ रोजी जर्मनीतील हेपेनहाइम या गावी त्यांचा जन्म झाला. दुसऱ्याच वर्षी हे कुटुंब अमेरिकेत गेले आणि न्यूयॉर्क राज्यातील युटिका या गावी स्थायिक झाले. तेथे 'कोब'चे 'कोप' झाले. घरची परिस्थिती बेताची होती. त्यात वडिलांना आजारपणाने गाठले आणि आठवीपर्यंतचे शिक्षण संपताच बार्बराला कापड गिरणीत काम धरावे लागले. संन्यस्त जीवनाची ओढ मनात होती. परंतु धाकट्या भावंडांची जबाबदारी टाकून जाणे त्यांना मान्य नव्हते. १८६२ मध्ये वडिलांचे निधन झाले. तोवर भावंडेही हाताशी आली होती. त्याच वर्षी, वयाच्या चोविसाव्या वर्षी, सिरॅक्यूज येथील संत फ्रान्सिस यांच्या परंपरेतील धर्मभगिनींच्या संघात त्यांनी प्रवेश केला आणि त्या सिस्टर मॅरियन झाल्या.

प्रारंभी त्यांनी स्थलांतरित जर्मन कुटुंबांतील मुलांना शिकवले. पण त्यांच्या अंगचा खरा गुण प्रकट झाला तो रुग्णालयाच्या कारभारात. या संघाने युटिका येथे १८६६ मध्ये आणि सिरॅक्यूज येथे १८६९ मध्ये रुग्णालये सुरू केली. त्यांपैकी सिरॅक्यूजच्या सेंट जोसेफ रुग्णालयाची धुरा १८७० मध्ये सिस्टर मॅरियन यांच्याकडे आली. रुग्णाचा धर्म, वंश वा वर्ण न पाहता प्रवेश द्यायचा, हा तेथील नियम. समाजाने झिडकारलेल्या दारुड्यांनाही त्या दारातून परत पाठवीत नसत. त्याबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली. वैद्यकीय महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना रुग्णांजवळ राहून शिकण्याची मुभा त्यांनी दिली. पण विद्यार्थ्यांकडून तपासून घ्यायचे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार रुग्णाचाच, अशी अटही घातली. त्या काळाच्या मानाने हा विचार फार पुढचा होता. १८७७ मध्ये संघाच्या प्रमुखपदी त्यांची निवड झाली आणि त्या मदर मॅरियन झाल्या.

१८८३ मध्ये हवाईहून त्यांना पत्र आले. राजे कलाकाउआ यांच्या सरकारला कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठी धर्मभगिनी हव्या होत्या. पन्नासहून अधिक संघांकडे विचारणा होऊन सर्वांनी नकार दिला होता. मदर मॅरियन यांनी होकार कळवला. संघातील पस्तीस भगिनी जाण्यास पुढे सरसावल्या. त्यांतील सहा जणींना घेऊन त्या निघाल्या.

तेव्हाची हवाईतील परिस्थिती भीषण होती. परदेशी जहाजांबरोबर आलेल्या नवनव्या रोगांनी मूळ हवाईयन समाज आधीच खंगला होता. कुष्ठरोग हा त्यांतलाच एक. १८६५ मध्ये सरकारने रोग्यांना सक्तीने वेगळे ठेवण्याचा कायदा केला आणि १८६६ पासून त्यांची रवानगी मोलोकाई बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरील एका भूशिरावर होऊ लागली. तीन बाजूंना खवळलेला समुद्र आणि चौथ्या बाजूला सुमारे दोन हजार फुटांचा उभा कडा. एकदा गेलेला माणूस बहुधा परतत नसे. नवऱ्यापासून बायको आणि आईपासून लेकरू तुटे. स्थानिक लोक तर या आजाराला ताटातूट करणारा रोग असेच म्हणत.

होनोलुलूनजीक काकाआको येथील रुग्णालयात संशयित रोग्यांना ठेवून पुढे मोलोकाईला पाठवले जाई. शंभर जणांसाठी बांधलेल्या या जागेत दोनशेहून अधिक माणसे कोंबलेली होती. भगिनींनी झाडलोट, धुलाई आणि जखमा बांधण्यापासून सुरुवात केली. तेथील सरकारी व्यवस्थापक रोग्यांशी क्रूरपणे वागे. हे लक्षात येताच मदर मॅरियन यांनी सरकारला निर्वाणीचे कळवले, की एकतर या माणसाला दूर करावे, नाहीतर आम्ही सिरॅक्यूजला परत जातो. सरकार नमले आणि रुग्णालयाचा कारभार त्यांच्या हाती आला. मृदू स्वभावाच्या या बाईचा कणा किती ताठ आहे, हे सर्वांना कळून चुकले.

कुष्ठरोग्यांच्या निरोगी मुलींचा प्रश्नही त्यांना अस्वस्थ करीत होता. आईबापांच्या आजारामुळे या मुलींना कोणी जवळ करीत नसे. त्यांच्यासाठी १८८५ मध्ये रुग्णालयाच्याच आवारात राणी कापिओलानी यांच्या नावाने निवासगृह उघडण्यात आले. त्याच वर्षी राजाने मदर मॅरियन यांचा सन्मान केला. पुढल्या वर्षी फादर डॅमियन होनोलुलूला आले. त्यांना कुष्ठरोग जडल्याचे निश्चित झाल्यामुळे राज्यकर्ते आणि धर्माधिकारी दोघेही त्यांना टाळत होते. त्यांचे आपुलकीने स्वागत केले ते मदर मॅरियन यांनीच.

१८८७ मध्ये हवाईत सत्तापालट झाला. नव्या सरकारने विलगीकरणाचा कायदा अधिक कठोरपणे राबवण्याचे ठरवले आणि काकाआकोचे रुग्णालय बंद करायला घेतले. मोलोकाईवर एकट्या पडणाऱ्या स्त्रिया आणि मुलींसाठी निवासगृह चालवाल का, अशी विचारणा मदर मॅरियन यांच्याकडे झाली. या होकाराचा अर्थ घरी परतण्याची वाट कायमची बंद, हे त्या जाणून होत्या. नोव्हेंबर १८८८ मध्ये सिस्टर लिओपोल्डिना आणि सिस्टर व्हिन्सेंशिया यांच्यासह त्या कलाउपापा या वसाहतीत दाखल झाल्या. पाच महिन्यांनी, १५ एप्रिल १८८९ रोजी, फादर डॅमियन यांचे निधन झाले. त्यांच्या अनाथ मुलग्यांच्या आश्रमाची जबाबदारीही काही वर्षे भगिनींवरच राहिली.

डॅमियन आणि मदर मॅरियन यांच्या सेवेतील फरक येथे ध्यानात घ्यावा लागतो. डॅमियन रोग्यांसोबत एका भांड्यातून जेवत. अंतर मिटवण्याची ती त्यांची रीत होती आणि तीत त्यांनी आयुष्य होमले. मदर मॅरियन यांनी दुसरा मार्ग धरला. कुष्ठरोगाच्या जंतूचा शोध १८७३ मध्ये लागला असला, तरी तो रोग कसा पसरतो हे कोणाला नीट ठाऊक नव्हते. औषध तर नव्हतेच. अशा वेळी रुग्णालयात मुरलेल्या या परिचारिकेने स्वच्छतेचा आधार घेतला. रोग्याला स्पर्श करायला कचरायचे नाही. पण हात धुण्याचा नियम कोणत्याही सबबीवर मोडायचा नाही. आपल्या भगिनींपैकी एकीलाही हा आजार होणार नाही, असा दिलासा त्यांनी दिला होता. तो शब्दशः खरा ठरला. सेवेकरीच अंथरुणाला खिळला तर उद्या रोग्याला पाहणार कोण, हा त्यांचा रोकडा विचार होता.

तेवढीच निष्ठा त्यांनी रोग्यांच्या आत्मसन्मानासाठी वाहिली. बँकर चार्ल्स रीड बिशप यांच्या देणगीतून उभारलेल्या 'बिशप होम'मध्ये मुलींना शिवणकाम, भरतकाम आणि संगीत शिकवले जाई. चेहरा विद्रूप झाला म्हणून नटण्याची हौस मरत नाही, हे मदर मॅरियन यांना पुरते उमगले होते. त्यामुळे चांगले कापड मिळवून त्या मुलींना नव्या धाटणीचे कपडे शिवून देत. वाऱ्याने झोडपलेल्या त्या उजाड किनाऱ्यावर त्यांनी झाडे लावली, फुलबागा फुलवल्या. प्रसिद्ध कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन १८८९ मध्ये तेथे आठवडाभर राहिले. मुलींशी ते खेळले, मदर मॅरियन यांच्यावर त्यांनी कविता लिहिली आणि नंतर मुलींसाठी पियानो पाठवला.

हवाईत पुढे राजेशाही गेली आणि १८९८ मध्ये ही बेटे अमेरिकेला जोडली गेली. सरकारे बदलली, पण विलगीकरणाचा कायदा कायम राहिला. तो बदलणे मदर मॅरियन यांच्या हाती नव्हते. त्या कायद्याने ज्यांचे घरदार हिरावले, त्यांना दुसरे घर देणे मात्र हाती होते आणि तेच त्यांनी केले. अखेरच्या काळात चाकाच्या खुर्चीचा आधार घ्यावा लागला, तरी मुक्काम हलला नाही. ९ ऑगस्ट १९१८ रोजी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, कलाउपापा येथेच त्यांची प्राणज्योत मालवली.

१९४६ मध्ये परिणामकारक औषध कलाउपापाला पोहोचले आणि १९६९ मध्ये सक्तीच्या विलगीकरणाचा कायदा संपुष्टात आला. तोपर्यंतच्या शंभर वर्षांत सुमारे आठ हजार माणसे त्या कड्याखाली पाठवली गेली होती. कॅथलिक चर्चने २१ ऑक्टोबर २०१२ रोजी मदर मॅरियन यांना संतपद बहाल केले. २००५ मध्ये सिरॅक्यूजला नेलेले त्यांचे अवशेष २०१४ मध्ये होनोलुलूच्या कॅथेड्रलमध्ये परत आणण्यात आले. ज्या बंदरात त्या थोड्या दिवसांसाठी म्हणून उतरल्या होत्या, त्याच गावी आता त्या विसावल्या आहेत.