होकार दिलेला माणूस : डाग हॅमरशोल्ड



मोठ्या पदावरचा माणूस दिसला की आपण त्याचा मान आणि त्याच्या ओळखी पाहतो. एकांतात तो कोणासमोर गुडघे टेकतो, हे आपल्याला दिसत नाही. आज आपण अशा एका माणसाची ओळख करून घेऊ, ज्याचे अंतरंग जगाला त्याच्या मृत्यूनंतरच कळले.

डाग हॅमरशोल्ड यांचा जन्म २९ जुलै १९०५ रोजी स्वीडनमध्ये झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांचे वडील देशाचे पंतप्रधान होते. आई श्रद्धाळू होती. घराणे लुथरन पंथाचे. अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळवून डाग सरकारी सेवेत शिरले आणि १९३६ साली अर्थखात्याचे सचिव झाले. पुढे ते मध्यवर्ती बँकेच्या मंडळाचे अध्यक्ष आणि १९५१ मध्ये मंत्री झाले. मंत्री असूनही ते कोणत्याच पक्षाचे सभासद नव्हते. त्यांनी लग्न केले नाही. एकटेपणा त्यांना आयुष्यभर सलत राहिला.

एप्रिल १९५३ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस म्हणून त्यांची निवड झाली. ही बातमी प्रथम कानावर आली तेव्हा त्यांना ती 'एप्रिल फूल'ची थट्टा वाटली. शांत स्वभावाचा हा अधिकारी कोणाला दुखावणार नाही, असा बड्या राष्ट्रांचा अंदाज होता. तो चुकला.

चीनने अमेरिकेच्या अकरा वैमानिकांना तुरुंगात टाकले होते. जानेवारी १९५५ मध्ये हॅमरशोल्ड स्वतः पेकिंगला जाऊन चौ एन लाय यांना भेटले. गाजावाजा न करता त्यांनी बोलणी चालू ठेवली आणि ऑगस्टमध्ये ते कैदी सुटले. १९५६ च्या सुएझ संघर्षात त्यांनी राष्ट्रसंघाची पहिली शांतिसेना उभी केली. तिच्यात आपले भारतीय जवानही होते.

खरी कसोटी काँगोत लागली. १९६० मध्ये हा देश स्वतंत्र होताच तेथे यादवी माजली. हॅमरशोल्ड पक्षपाती आहेत, असे म्हणत सोव्हिएत नेते क्रुश्चेव यांनी भर सभेत त्यांचा राजीनामा मागितला. पद सोडणे सोपे होते. परंतु या संघटनेचा आधार बलाढ्यांना नव्हे, तर लहान राष्ट्रांना हवा आहे, हे ओळखून ते जागेवर राहिले. १७ सप्टेंबर १९६१ च्या रात्री युद्धबंदीच्या बोलण्यांसाठी जात असताना त्यांचे विमान आफ्रिकेतील एन्डोला गावाजवळ कोसळले. विमानातील सोळा जणांपैकी अखेर कोणीही वाचले नाही. अपघात की घातपात, याचा उलगडा पुढे अनेक चौकशा होऊनही झाला नाही. त्याच वर्षी त्यांना मरणोत्तर नोबेल शांतता पुरस्कार देण्यात आला.

न्यूयॉर्कमधील त्यांच्या घरात एक टिपणवही सापडली. १९६३ मध्ये ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आणि लोक चकित झाले. तिच्यात राजकारण नव्हते, गाठीभेटींचा हिशेब नव्हता. तिच्यात होती प्रार्थना, स्वतःच्या अहंकाराची कठोर झडती आणि प्रभूच्या क्रूसाचे चिंतन. संत जॉन ऑफ द क्रॉस यांचे विचार त्यांनी मनात मुरवले होते. शेवटच्या प्रवासाला निघताना मागे ठेवलेल्या पुस्तकांत थॉमस आ केम्पिस यांचा 'ख्रिस्तानुकरण' हा ग्रंथ होता. १९६१ च्या पेन्टेकॉस्ट सणाच्या दिवशी त्यांनी वहीत एका होकाराची आठवण लिहिली. तो होकार दिल्यापासून आपल्या जगण्याला अर्थ आला, असे त्यांना वाटत होते.

बंधुभगिनींनो, प्रार्थना करायला कामातून सवड मिळत नाही, ही तक्रार आम्ही नेहमी ऐकतो आणि कधी कधी स्वतःही करतो. हॅमरशोल्ड यांनी प्रार्थना आणि काम वेगळे ठेवलेच नाही. कचेरी हीच त्यांची सेवेची जागा होती. पतपेढी असो, पंचायत असो वा घरसंसार, आपल्याला मिळालेली जागा आपण मानासाठी धरून ठेवतो की दुबळ्यांसाठी? टीका झाली की रुसून ती सोडून देतो का? या आठवड्यात पाच मिनिटे शांत बसून आपण स्वतःला हे विचारू या.