लेकीच्या शाळेची फी भरायची होती, म्हणून पर्ल बक यांनी 'द गुड अर्थ' लिहायला घेतली

देव आनंदचा 'गाईड' सगळ्यांना माहितीये. पण त्याच गाईडची एक इंग्रजी आवृत्तीही निघाली होती, हे फार कमी लोकांना माहीत असतं. ती चालली नाही, आज कुणाला आठवतही नाही. पण तिच्या पटकथेवर एका नोबेल विजेत्या लेखिकेचं नाव होतं.

पर्ल बक.

साहित्याचं नोबेल मिळवणारी पहिली अमेरिकन महिला. साल होतं 1938. 'द गुड अर्थ' ही त्यांची चीनमधल्या शेतकऱ्यावरची कादंबरी जगभर वाचली गेली. पण ही कादंबरी लिहायची घाई त्यांना का झाली होती, याचं उत्तर त्यांनी जगाला बरीच वर्षं सांगितलंच नाही. ते उत्तर होतं त्यांची मुलगी, कॅरोल.

तर सुरुवातीपासून बघूया.

पर्ल यांचा जन्म 26 जून 1892 चा, अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियामधला. आईवडील ख्रिस्ती मिशनरी, त्यामुळे तान्ही असतानाच मुलगी चीनला गेली आणि तिथेच वाढली. इंग्रजीच्या बरोबरीने चिनी बोलायची. कॉलेजपुरती अमेरिकेत आली आणि परत गेली. 1917 मध्ये लग्न झालं ते जॉन लॉसिंग बक या शेतीतज्ज्ञाशी. नवरा चीनच्या शेतीचा अभ्यास करायचा, बायको त्याच्यासोबत खेड्यांमध्ये फिरायची. 'द गुड अर्थ'मधलं खेडं तिथूनच आलंय.

मार्च 1920 मध्ये कॅरोल झाली. गोरीगोमटी, देखणी, डोळे एकदम शहाणे. पर्ल यांना तर आपलं बाळ वयाच्या मानाने जरा जास्तच समजूतदार दिसतंय असं वाटायचं. बाळंतपणानंतर डॉक्टरांना पर्ल यांच्या गर्भाशयात गाठ सापडली आणि ऑपरेशन करावं लागलं. आता दुसरं मूल होणार नव्हतं. जे काही होतं ते कॅरोलच होती.

कॅरोलच्या त्वचेवर इसब होतं, ते काही केल्या जात नव्हतं. पण लहान बाळांना असतंच की, म्हणून कुणी फार मनावर घेतलं नाही.

कॅरोल तीन वर्षांची झाली, तरी बोलेना. आजूबाजूचे लोक धीर देत होते. काही मुलं उशिरा बोलतात, होईल सगळं नीट. (हे वाक्य आपल्याकडे किती घरांत ऐकू येतं, हे वेगळं सांगायला नको.) मग एका अमेरिकन बालरोगतज्ज्ञाचं व्याख्यान पर्ल यांच्या कानावर पडलं. लहान मुलांमधली कोणती लक्षणं धोक्याची असतात, असा विषय होता. ऐकता ऐकता त्यांच्या पोटात गोळा आला. सांगितलेलं बरंचसं कॅरोलमध्ये दिसत होतं.

1924 मध्ये बक कुटुंब अमेरिकेत आलं आणि डॉक्टरांच्या फेऱ्या सुरू झाल्या. एक डॉक्टर झाला की दुसरा. शेवटी त्या मिनेसोटा राज्यातल्या रॉचेस्टरला, मेयो क्लिनिकमध्ये पोहोचल्या.

तो दिवस पर्ल आयुष्यभर विसरल्या नाहीत.

तपासण्यांवर तपासण्या झाल्या. सगळं संपेपर्यंत संध्याकाळ झाली. मुलांच्या विभागाच्या प्रमुख डॉक्टरांनी निकाल सांगितला. मुलीचं शरीर उत्तम आहे, पण मनाची वाढ थांबलीये. का थांबलीये ते कळत नाही. पर्ल यांनी विचारलं, काहीच आशा नाही का? डॉक्टर भला माणूस होता. आशा सोडा असं त्याच्याने म्हणवेना. प्रयत्न करत राहा, एवढंच तो म्हणाला.

पर्ल मुलीला घेऊन बाहेर पडल्या. तेवढ्यात बाजूच्या रिकाम्या खोलीतून दुसरा एक डॉक्टर पुढे आला. बुटकासा, कुणाच्या लक्षातही न येणारा, जर्मन वळणाचं इंग्रजी बोलणारा. साहेबांनी आशा आहे असं सांगितलं का, एवढंच त्याने आधी विचारलं. मग घाईघाईने सगळं सांगून टाकलं. ही मुलगी कधीच बरी होणार नाही. स्वतःला फसवू नका. आशेपायी स्वतःचं आयुष्य आणि घरचा पैसा संपवून बसाल. ती फार तर चार वर्षांच्या मुलाएवढी राहील. ती जिथे आनंदात राहील अशी जागा शोधा, तिला तिथे ठेवा आणि तुम्ही तुमचं आयुष्य जगा.

आई थिजून उभी होती. मुलगी मात्र तपासण्या संपल्या म्हणून खुशीत बागडत होती. आईच्या डोळ्यांत पाणी बघून तिला हसू आलं.

हा डॉक्टर क्रूर वाटतो ना? पर्ल यांना तसं वाटलं नाही. त्याचं नावही त्यांना माहीत नव्हतं, पण त्या शेवटपर्यंत त्याचे आभार मानत राहिल्या. घाव एकदाच बसला आणि खरं काय ते कळलं, असं त्यांचं म्हणणं होतं. अर्थात, मुलीला संस्थेत ठेवून मोकळं व्हा हा सल्ला आज कुठलाही चांगला डॉक्टर देणार नाही. पण ती 1924 सालची गोष्ट आहे. ऑटिझम हे निदान म्हणून मांडलं जायलाही अजून 19 वर्षं बाकी होती. तेव्हा अशा सगळ्या मुलांना एकच शिक्का असायचा, मतिमंद.

निदान झालं म्हणून आईने लगेच मान्य केलं असंही नाही. चीनला परतल्यावर त्यांनी कॅरोलला स्वतः शिकवायला घेतलं. तासन् तास. कॅरोल थोडं वाचायला लागली, हात धरून थोडं लिहायलाही लागली. एक दिवस पर्ल यांनी तिचा हात हातात घेतला, तर तो घामाने ओला झाला होता. दोन्ही हात ओले होते. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, पोरीला यातलं काहीच समजत नाहीये. आईला बरं वाटावं म्हणून ती जीव तोडून करतेय. पर्ल यांनी पुस्तकं मिटली आणि पुन्हा उघडली नाहीत.

कॅरोलचं संगीत मात्र पक्कं होतं. रेकॉर्डमधली कोणती आवडीची, कोणती नाही, हे तिला बरोबर कळायचं.

अजून एक गोष्ट पर्ल यांनी नोंदवून ठेवलीये. चिनी शेजारी मुलीबद्दल सरळ विचारायचे आणि तिला आहे तशी सामावून घ्यायचे. शांघायच्या रस्त्यावर मात्र दोन नटूनथटून निघालेल्या अमेरिकन तरुणींनी कॅरोलला न्याहाळलं आणि वेडी म्हणून मोकळ्या झाल्या. तेव्हापासून पर्ल तिला लोकांच्या नजरेपासून जपायला लागल्या.

1927 मध्ये नानजिंगमध्ये परदेशी लोकांवर हल्ले झाले. तेव्हा एका गरीब चिनी बाईने बक कुटुंबाला आपल्या झोपडीत लपवलं. सात वर्षांची कॅरोलही त्यात होती. जीव वाचला, पण एक प्रश्न डोक्यात बसला. आपल्याला काही झालं तर हिचं काय? विशेष मुलांच्या आईबापांना हा प्रश्न आजही झोपू देत नाही.

पर्ल अमेरिकेत संस्था बघत फिरल्या. काही ठिकाणची अवस्था बघवत नव्हती, मुलांना अक्षरशः जनावरांसारखं ठेवलेलं. शेवटी न्यू जर्सीतलं व्हाइनलँड ट्रेनिंग स्कूल त्यांना पटलं. मुलं आधी आनंदी असली पाहिजेत, बाकीचं नंतर, असा तिथला कारभार होता. 1929 मध्ये नऊ वर्षांच्या कॅरोलला तिथे सोडून त्या चीनला परतल्या.

आता खरा प्रश्न पैशांचा. मिशनच्या पगारात ही फी भरणं शक्य नव्हतं. सुरुवातीची रक्कम कर्ज काढून भरली होती. नवऱ्याशी पटेनासं झालं होतं. हातात एकच कला होती, लेखन. नानजिंगच्या घरात माळ्यावरच्या खोलीत बसून त्यांनी साधारण तीन महिन्यांत 'द गुड अर्थ' लिहून काढली. 1931 मध्ये ती आली आणि अमेरिकेत तुफान खपली. 1932 मध्ये पुलित्झर मिळालं, 1937 मध्ये सिनेमा आला. कर्ज फिटलं, कॅरोलची आयुष्यभराची सोय झाली.

ज्यांनी ही कादंबरी वाचलीये त्यांना वांग लुंगची थोरली मुलगी आठवत असेल. तिला नाव नाही, ती बोलत नाही, उन्हात बसून कापडाच्या तुकड्याशी खेळत हसत असते. आपण गेल्यावर हिला कोण बघणार, ही तिच्या बापाची काळजी शेवटपर्यंत जात नाही. कॅरोलबद्दल पर्ल यांनी जगासमोर उघड बोलण्याआधी, 1931 मध्येच, हे सगळं असं सांगून टाकलं होतं.

उघड बोलायला 1950 उजाडलं. 'द चाइल्ड हू नेव्हर ग्र्यू' हे छोटं पुस्तक त्यांनी लिहिलं. मेयोमधला तो दिवस, ओले हात, सगळं त्यात आलं. त्या काळात असं मूल म्हणजे लपवायची गोष्ट. केनेडींसारख्या घराण्यानेही रोझमेरीबद्दल मोकळेपणाने लिहिलं ते 1962 मध्ये. इतक्या मोठ्या लेखिकेने आधीच तोंड उघडल्यामुळे साध्या घरांतल्या आईबापांना बळ मिळालं.

आणि कॅरोलला झालं काय होतं? ते बऱ्याच वर्षांनी कळलं. फेनिलकीटोन्युरिया, थोडक्यात पीकेयू. आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आला की हा आजार होतो. प्रथिनांमधलं फेनिलॲलनीन शरीराला पचवता येत नाही. ते रक्तात साठतं आणि मेंदूला इजा करतं. इसब हे त्याचंच एक लक्षण. उपचार न मिळालेल्या मुलांमध्ये ऑटिझमसारखी लक्षणंही दिसतात. नॉर्वेच्या आस्ब्योर्न फोलिंग या डॉक्टरने हा आजार शोधला 1934 मध्ये, तोही एका आईच्या चिकाटीमुळे. दोन मुलांना असं का झालं, हे विचारत ती डॉक्टरांचे उंबरे झिजवत होती. तोवर कॅरोल 14 वर्षांची झाली होती. 1950 च्या दशकात त्यावर खास आहार आला आणि 1960 च्या दशकात बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन करायची चाचणी. जन्मल्याबरोबर कळलं आणि आहार सांभाळला, तर मूल शाळा, कॉलेज सगळं करू शकतं. भारतात ही चाचणी आजही सगळ्याच बाळांची होत नाही.

पर्ल यांनी पुढे बरीच मुलं दत्तक घेतली. 1949 मध्ये 'वेलकम हाउस' ही दत्तक संस्था काढली, त्याचं निमित्त भारतीय वडिलांचं एक बाळ होतं. मिश्र वंशाचं म्हणून त्याला कुठलीच संस्था घ्यायला तयार नव्हती.

6 मार्च 1973 ला पर्ल गेल्या. पेनसिल्व्हेनियातल्या त्यांच्या थडग्यावर इंग्रजी नाव नाही, फक्त चिनी अक्षरं आहेत. कॅरोल व्हाइनलँडमध्येच राहिली, रेकॉर्ड ऐकत. 1992 मध्ये, वयाच्या 72 व्या वर्षी ती गेली, आईनंतर 19 वर्षांनी. तोपर्यंत तिची सगळी व्यवस्था आई करून गेली होती.