गोलंदाज बाळू पालवणकर

आमच्या गव्हाणच्या मुलांच्या वह्यांवर हल्ली इंग्लंडातील फुटबॉलच्या गड्यांची चित्रे दृष्टीस पडतात. मैदानाच्या मध्यभागी राहून पुढच्यांना चेंडू पुरविणारा आणि मागच्यांच्या साहाय्यास धावणारा जो गडी, त्याचे तर मुलांना विशेष कौतुक. पालक मात्र विचारतात की, खेळून का कोणाचे पोट भरते? इंग्लंडात ते पुष्कळ काळापासून भरत आले आहे. १९०१ साली तेथील फुटबॉल संघटनेने धंदेवाईक खेळाडूस आठवड्याला चार पौंडांहून अधिक वेतन देऊ नये असा निर्बंध घातला, आणि वेतनावर मर्यादा घालण्याची ही रीत पुढे १९६१ पर्यंत चालली. त्या काळच्या दराने चार पौंड म्हणजे साठ रुपये होत. आपल्या महाराष्ट्रातही त्याच पिढीतील एक पुरुष खेळाच्या मैदानावर पोट भरीत असे. त्याचा आरंभ मात्र महिना तीन रुपयांवर झाला. तो फुटबॉल नव्हे, क्रिकेट खेळे. त्याचे नाव बाळू पालवणकर.

पालवण हे कोकणातील गाव. त्यावरून हे आडनाव पडले. बाळूंचा जन्म मात्र १८७६ साली धारवाड येथे झाला. घराणे चांभार जातीचे. वडील फौजेच्या चाकरीत असल्यामुळे बाळपण पुण्यात गेले. गोऱ्या अंमलदारांनी खेळून टाकून दिलेल्या बॅटी व चेंडू घेऊन बाळू व त्यांचे धाकटे बंधू शिवराम खेळावयास शिकले. शाळा लवकर सुटली आणि पुण्यातील पारशी मंडळींच्या एका क्लबात मैदान झाडण्याचे व खेळपट्टीवर रूळ फिरविण्याचे काम मिळाले. त्याचेच ते तीन रुपये. पुढे १८९२ च्या सुमारास साहेब लोकांच्या पूना क्लबात ते चार रुपयांवर गेले. तेथे खेळपट्टी आखावी, जाळी उभारावी, सवड सापडल्यास टेनिसच्या पटांगणावर रेघा माराव्या, असा दिवस जाई.

त्या क्लबात सरावाच्या वेळी चेंडू टाकावयास कोणी तरी हवे असे. एका साहेबाच्या सांगण्यावरून बाळूंनी चेंडू हाती घेतला, आणि तेथून त्यांच्या आयुष्याला निराळे वळण लागले. ते डाव्या हाताने संथ गतीचा चेंडू टाकीत. तो दोन्ही बाजूंना वळे, आणि टप्पा व गती यांत त्यांचा बदल फलंदाजास उमगत नसे. कप्तान जे. जी. ग्रेग हा त्या काळचा नामांकित गोरा फलंदाज. तो इतरांच्या आधी मैदानावर येई व बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करी. बाळूंनी आपणास बाद केले की दर खेपेस आठ आणे द्यावयाचे, असा त्याने ठराव केला होता असे सांगतात. आमच्या गणितप्रिय विद्यार्थ्यांनी हिशेब करून पाहावा: आठवड्यातून एकदा जरी साहेब बाद झाला, तरी महिन्याच्या चार रुपयांत आणखी दोन रुपयांची भर पडे. परंतु या शेकडो तासांच्या सरावात बाळूंच्या हाती बॅट एकदाही दिली गेली नाही. फलंदाजी हा मालकांचा मान व गोलंदाजी हे चाकराचे काम, अशीच तेथील समजूत होती.

ग्रेगला चकविणाऱ्या गड्याची कीर्ती शहरात पसरण्यास वेळ लागला नाही. पुण्याच्या हिंदू क्लबास युरोपियनांवर जय मिळवावयाचा होता, आणि बाळूंवाचून तो मिळणे कठीण होते. अस्पृश्य गणलेल्या गड्यास घ्यावे की न घ्यावे, यावर मंडळींत बराच खल झाला. अखेर जयाच्या इच्छेने शिवाशिवीवर मात केली. परंतु ती मैदानाच्या सीमेपर्यंतच. खेळ चालू असता बाळूंच्या हातचा चेंडू ब्राह्मण गड्यांच्या हाती जाई व परत येई. त्या चेंडूस विटाळ नव्हता. चहाची वेळ झाली की इतर मंडळी आत बसत आणि बाळूंना बाहेर, वापरून फेकून देण्याच्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणाचे ताटही वेगळे. हे सारे सोसून ते दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच मंडळींसाठी चेंडू टाकीत. त्यांनी हे मुकाट्याने का सोसले, असा प्रश्न आजच्या विद्यार्थ्याच्या मनात येईल. आम्हांस वाटते की, मैदान हेच त्यांचे बोलण्याचे एकमेव ठिकाण होते व तेथे ते भरपूर बोलले.

पुण्यात प्लेग आला, त्या सुमारास ते मुंबईस गेले. तेथे परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याच्या संघात त्यांचा प्रवेश झाला; त्यालाही काही सभासदांचा प्रथम विरोध होताच. १९०६ च्या फेब्रुवारीत मुंबईस हिंदू व युरोपियन यांचा जो सामना झाला, तो त्या काळी वृत्तपत्रांनी मोठ्या आवडीने वर्णिला. हिंदूंनी २४२ व १६० धावा केल्या, युरोपियनांनी १९१ व १०२, आणि हिंदू १०९ धावांनी विजयी झाले. बाळू व शिवराम दोघेही त्या संघात होते. पुढच्या वर्षीही युरोपियनांचा पराभव झाला. बंगालच्या फाळणीने देश तापलेला असता राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरविल्याचा आनंद लोकांना किती झाला असेल, याची कल्पना करावी. मुंबईच्या जिमखान्यात बाळू इतर गड्यांबरोबर बसून खाऊ लागले, याचेही सुधारक मंडळींनी धावांच्या आकड्यांइतकेच कौतुक केले.

१९११ साली सर्व हिंदुस्थानचा म्हणून निवडलेला पहिला संघ विलायतेस गेला. कर्णधार होते पतियाळाचे महाराजा भूपेंद्रसिंह, वय अवघे एकोणीस. राजे पंचम जॉर्ज यांच्या राज्यारोहणाच्या समारंभामुळे व इतर मानपानामुळे त्यांचे खेळाकडे लक्ष थोडेच राहिले. संघ एकामागून एक सामने हरला; तेवीसपैकी पंधरा गेले व सहाच जिंकले. परंतु या पराभवाच्या हंगामात पस्तीस वर्षांच्या बाळूंनी, खांदा दुखत असतानाही, ११४ बळी घेतले, आणि दर बळीस सरासरी एकोणीसहून कमी धावा दिल्या. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एकाच डावात आठ, लीस्टरशायरविरुद्ध दोन्ही डाव मिळून अकरा. लीस्टरचा तो सामना हिंदी संघाने जिंकला. आणि सॉमरसेटविरुद्ध एक गडी राखून जी जीत झाली, तीत शिवरामांचे शतक होते. विलायतेतील जाणते लोक बाळूंची तुलना यॉर्कशायरच्या विल्फ्रेड ऱ्होड्सशी करू लागले. मुंबईस परतल्यावर त्यांच्या समाजाने त्यांचा सत्कार केला. त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान असलेल्या भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्यास या पुरुषाविषयी मोठा अभिमान वाटत असे.

आता खटकणारी गोष्ट सांगावयाची ती ही की, इतकी वर्षे हिंदूंच्या संघाचा आधारस्तंभ असलेल्या बाळूंना कर्णधारपद कधीच मिळाले नाही. वयाने, अनुभवाने व कर्तृत्वाने त्यांच्या बरोबरीचा दुसरा कोणी नव्हता, हे सर्वांस ठाऊक होते. १९१३ साली कर्णधार नेमलेले एम. डी. पै यांनी तर, हा मान बाळूंना मिळावयास हवा होता, असे उघड सभेत सांगितले. आम्हांस पै यांच्या मनाचा मोठेपणा मान्य आहे. परंतु मान ज्यांच्या हाती होता ते गप्पच राहिले. इंग्लंडातही त्या वेळी पैसे घेऊन खेळणाऱ्यास राष्ट्रीय संघाचे नेतृत्व देत नसत, आणि लेन हटन या धंदेवाईक खेळाडूस तो मान १९५२ साली मिळाला. म्हणजे अन्याय तिकडेही होता. परंतु तेथे आड येई ती पगाराची वही, येथे आड आली ती जन्माची जात. वहीतले नाव बदलता येते.

१९२० साली पुण्यास चौरंगी सामने झाले, तेव्हा बाळूंना प्रथम संघातूनच वगळण्यात आले. त्यावर शिवराम व सर्वांत धाकट्यांपैकी विठ्ठल या दोघा बंधूंनी खेळण्याचे नाकारले. लोकमत त्यांच्या बाजूने उभे राहिले. शेवटी पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यासाठी तडजोड झाली, बंधू परत आले व बाळूंना उपकर्णधार नेमण्यात आले. त्या सामन्यात पै काही वेळ मैदान सोडून गेले आणि तेवढा वेळ संघ बाळूंच्या हुकमाखाली खेळला. त्यांच्या वाट्यास नेतृत्व आले ते एवढेच. १९२३ साली मात्र विठ्ठल पालवणकर कर्णधार झाले, हिंदूंनी चौरंगी स्पर्धा जिंकली, आणि लोकांनी विठ्ठलांना खांद्यावर घेऊन मिरविले. हा सर्व वृत्तांत जाणू इच्छिणाऱ्यांनी विठ्ठलरावांचे १९४८ साली निघालेले आत्मचरित्र मिळवून वाचावे.

खेळ सुटल्यावर बाळू राजकारणात आले. १९३२ च्या सप्टेंबरात महात्मा गांधींच्या उपोषणाच्या वेळी पुणे करार झाला. त्यावर सही करणाऱ्यांत ते होते. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत खुद्द डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. ज्या तरुणाने त्यांचा अभिमान बाळगला, त्याच्याशीच सामना द्यावयाचा, असा हा विचित्र योग होता. डॉक्टरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. दोघांनाही आपल्या समाजाचे हितच साधावयाचे होते. मार्ग भिन्न होते. बाळूंनी येथे कोणाच्या हातचे बाहुले व्हावे लागले असे म्हणणारे आहेत, पण साठीला आलेल्या माणसास आपला निर्णय कळत नव्हता असे मानावयास आम्ही तयार नाही.

बाळूंचा अंत ४ जुलै १९५५ रोजी झाला. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत मिळून त्यांच्या नावावर १७९ बळी आहेत, आणि दर बळीमागे पंधरा धावांच्या आसपास खर्च. त्यांच्या हयातीत हिंदुस्थानास अधिकृत कसोटी सामना खेळावयास मिळाला तो १९३२ साली. तेव्हा बाळू छप्पन्न वर्षांचे होते.