आईचे पांग फेडणारे साने गुरुजी

डिसेंबर महिन्यात दोन चांगले दिवस लागोपाठ येतात. २४ डिसेंबरला साने गुरुजींची जयंती असते आणि २५ डिसेंबरला नाताळ असतो. नाताळ म्हणजे येशू ख्रिस्ताचा जन्मदिवस. गोव्यात आणि वसईकडे ख्रिस्ती लोक तेव्हा घरीच कागदाची चांदणी करतात, गवताचा आणि बांबूच्या कामट्यांचा गोठा करतात. घरी फराळ करून शेजाऱ्यांना ताट भरून देतात. आपण दिवाळीला आकाशकंदील करतो आणि फराळ वाटतो, तसंच ते आहे. म्हणून बाईंनी या महिन्याच्या भित्तिपत्रकाला घरचे सण, हाताने केलेल्या वस्तू आणि उपकारांची आठवण असा विषय दिला. मला साने गुरुजी लई आवडतात. म्हणून मी त्यांचे चरित्र लिहीत आहे.

साने गुरुजींचे पूर्ण नाव पांडुरंग सदाशिव साने. त्यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात पालगड या गावी झाला. पालगड हे रत्नागिरी जिल्ह्यात दापोली तालुक्यात आहे. त्यांच्या वडिलांचे नाव सदाशिवराव आणि आईचे नाव यशोदा. त्यांचे घराणे खोताचे होते. खोत म्हणजे गावचा सारा गोळा करणारा मोठा माणूस. पण पुढे घरावर कर्ज झाले. सावकाराचा तगादा लागला आणि घरावर जप्ती आली. पूर्वी ज्या घरात भरपूर होतं, तिथं तेल असलं तर मीठ नसायचं. गरिबी आली तरी आई खचली नाही. तिने मुलांना खोटं बोलू दिलं नाही आणि कोणापुढे हात पसरू दिला नाही.

लहानपणच्या या सगळ्या आठवणी गुरुजींनी पुढे श्यामची आई या पुस्तकात लिहिल्या. त्यात त्यांनी स्वतःला श्याम हे नाव दिलं आहे. बाईंनी वर्गात रोज शेवटच्या तासाला ते पुस्तक वाचून दाखवलं. त्यातल्या तीन गोष्टी मी तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट पत्रावळीची. श्यामच्या घरी पानांच्या पत्रावळीवर जेवायचे. घरात सगळ्यांना पत्रावळ लावता यायची, पण श्यामला येत नव्हती आणि तो शिकतही नव्हता. तेव्हा आईने ठरवलं की ज्याला पत्रावळ लावता येत नाही त्याला जेवण नाही. श्याम रुसला, रागावला. पण आईने माया पोटात ठेवली आणि हट्ट चालू दिला नाही. शेवटी श्याम पत्रावळ लावायला शिकला. आपल्या हाताला काम आलं पाहिजे, आयतं बसून खाऊ नये, हे त्याला त्या दिवशी कळलं.

दुसरी गोष्ट दिवाळीची. श्यामच्या वडिलांचं धोतर फाटलं होतं. ते स्वतःसाठी काही घेत नव्हते, कारण पैसा नव्हता. श्यामच्या आईला माहेरहून भाऊबीजेचे पैसे आले. तिचं लुगडं काही नवं नव्हतं. तरी तिने त्या पैशाचं वडिलांसाठी धोतर आणवलं. दिवाळीला वडिलांना नवं धोतर मिळालं आणि सगळं घर आनंदून गेलं. फटाके नव्हते, पण दिवाळी झाली.

तिसरी गोष्ट कोटाची. श्याम दापोलीला मिशनच्या शाळेत शिकत होता. घरच्या लहान भावाचा कोट फाटलेला होता. श्यामने खाऊचे पैसे खाल्ले नाहीत, एक एक करून साठवले. त्याचं कापड घेतलं आणि शिंप्याकडून भावाला कोट शिवून घेतला. गणेश चतुर्थीला भर पावसात तो कोट घेऊन तो पायी घरी गेला. भावाने कोट घातला तेव्हा आईचे डोळे भरून आले.

पुढे शिकण्यासाठी गुरुजी औंधला आणि नंतर पुण्याला गेले. तिथे त्यांनी लई हाल काढले. ते पुण्यात असतानाच २ नोव्हेंबर १९१७ रोजी त्यांची आई वारली. शेवटच्या वेळी त्यांना आईजवळ बसता आलं नाही. हे दुःख त्यांच्या मनातून कधीच गेलं नाही. आईने आपल्यासाठी इतकं केलं आणि आपल्याला तिच्यासाठी काहीच करता आलं नाही, असं त्यांना वाटायचं. मग त्यांनी काय केलं? आईने जेवढी माया दिली तेवढी त्यांनी दुसऱ्यांच्या मुलांना दिली. आईचे पांग त्यांनी असे फेडले.

गुरुजी एम.ए. झाले आणि १९२४ साली खानदेशात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. तिथल्या वसतिगृहाचं कामही त्यांच्याकडे होतं. मुलं बाहेर गेली की ते गुपचूप त्यांच्या खोल्या झाडायचे, पसरलेले कपडे आवरायचे. मूल आजारी पडलं तर रात्रभर उशाशी बसायचे. मुलांना लाज वाटायची आणि मग मुलं आपोआप आपली खोली झाडू लागायची. गुरुजी रागावत नसत, मारत नसत. मुलांसाठी ते छात्रालय नावाचं पत्रक हाताने लिहून काढायचे. म्हणजे आपलं भित्तिपत्रक आहे ना, तसंच. छापखाना नव्हता, फक्त दौत, टाक आणि कागद. त्यात चांगले विचार, बातम्या आणि गोष्टी असायच्या. आम्हाला महिन्याचं एक भित्तिपत्रक करताना चार दिवस लागतात आणि बोटं दुखतात. यावरून गुरुजींच्या कष्टाचा अंदाज येईल.

१९३० साली महात्मा गांधींनी मिठाचा सत्याग्रह केला. तेव्हा गुरुजींनी नोकरी सोडली आणि देशासाठी तुरुंगात गेले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे गीतेवर प्रवचने देत. ती सगळी गुरुजींनी भराभर लिहून घेतली, म्हणून आज ती लोकांना वाचायला मिळतात. त्यानंतर ते नाशिकच्या तुरुंगात होते. तिथे १९३३ च्या फेब्रुवारी महिन्यात त्यांनी पाच दिवसांत श्यामची आई लिहिली. त्यात ४२ रात्री आहेत. एकेका रात्री श्याम आपल्या मित्रांना आईची एकेक आठवण सांगतो. १९३५ साली ते पुस्तक निघालं. १९५३ साली आचार्य अत्रे यांनी त्यावर सिनेमा काढला आणि त्याला देशातलं पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं.

आता आपल्या जिल्ह्याशी जुळणारी गोष्ट सांगतो. आपल्या हिंगोली जिल्ह्यातलं नरसी हे संत नामदेवांचं गाव. पंढरपूरला विठ्ठलाच्या देवळात नामदेवांची पायरी आहे. तिच्यासमोरच संत चोखामेळ्यांची समाधी आहे. चोखामेळ्यांना अस्पृश्य मानत, म्हणून त्यांना देवळात जाता येत नव्हतं. पुढे शेकडो वर्षे तसंच चाललं. वारी करून, पाय सुजवून आलेल्या दलित वारकऱ्यांना देव बाहेरूनच हात जोडून परत जावं लागे. गुरुजींना हे सहन झालं नाही. एकाच आईची लेकरं असून एकाला आत आणि एकाला बाहेर, हे कसं? त्यांनी गावोगाव फिरून लोकांना समजावलं. तरी देऊळ उघडेना, तेव्हा १ मे १९४७ पासून त्यांनी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण सुरू केलं. प्राणांतिक म्हणजे जीव गेला तरी चालेल असं. दहा दिवस ते उपाशी होते. शेवटी देऊळ सर्वांना खुलं करायचं ठरलं आणि १० मे रोजी त्यांनी उपोषण सोडलं. आज आपल्या गावचे सगळे वारकरी पंढरपूरला एकाच रांगेत उभे राहतात. त्यामागे गुरुजींचे ते दहा दिवस आहेत हे विसरू नये.

१५ ऑगस्ट १९४८ रोजी गुरुजींनी साधना हे साप्ताहिक सुरू केलं. ते अजूनही निघतं. त्या दिवशी आपला मराठवाडा स्वतंत्र झाला नव्हता, इथं निजामाचं राज्य होतं. आपण १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्त झालो. भारतातल्या सगळ्या प्रांतांच्या लोकांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, म्हणून त्यांनी आंतरभारतीचं स्वप्न पाहिलं. इस्लामी संस्कृतीवर त्यांनी पुस्तक लिहिलं, तमिळ भाषेतल्या कुरल ग्रंथाचं मराठी केलं. कोणताच धर्म आणि कोणतीच भाषा त्यांना परकी नव्हती. ११ जून १९५० रोजी त्यांचं निधन झालं. तेव्हा ते फक्त ५० वर्षांचे होते.

गुरुजींची गोष्ट ऐकून आमच्या वर्गाने या वर्षी एक काम केलं. आपल्या शिवाराच्या कडेला पळस आहेत. त्यांची पानं आणून आम्ही पत्रावळी लावल्या. पानाला पान जोडून काडी टोचायची. काडी जास्त दाबली तर पान फाटतं आणि कमी दाबली तर पत्रावळ सुटते. आजीने मला दाखवलं. आजी सांगती की पूर्वी लग्नाच्या पंगतीला सगळं गाव बसून पत्रावळी लावायचं. नंतर थर्माकोलची ताटं आली. २०१८ साली महाराष्ट्रात त्यावर बंदी आली, कारण ती कुजत नाहीत. पळसाची पत्रावळ उकिरड्यावर टाकली तर तिचं खत होतं.

माझे बाबा फाट्यावर हॉटेलात काम करतात. वारंगा फाट्याची खिचडी लांबलांबचे प्रवासी गाडी थांबवून खातात. बाबा अंधारात उठून जातात. सणाच्या दिवशी गर्दी जास्त असती, म्हणून सणाला त्यांना सुट्टी नसती. ते दिवसभर दुसऱ्यांना वाढतात आणि आपण शेवटी उभ्याउभ्या खातात. माझी माय हळदीच्या रानात रोजानं जाती. म्हणून बाईंनी हाताने केलेली वस्तू घरात ज्याचे उपकार आहेत त्याला द्यायला सांगितली, तेव्हा मी दोन पत्रावळी लावल्या. रात्री बाबा आल्यावर त्यांना आणि मायला खाली बसवलं आणि मी वाढलं. भाकरी आणि पिठलं होतं. बाबा काही बोलले नाहीत, पण त्यांनी पत्रावळ फेकू दिली नाही, धुऊन भिंतीला लावून ठेवली.

साने गुरुजींपासून मी हे शिकलो की, भेट मोठी नसली तरी चालते. खाऊच्या पैशाचा कोट चालतो, पानाची पत्रावळ चालते, कागदाची चांदणीही चालते. पण ती देताना आपल्याला आठवलं पाहिजे की समोरच्याने आपल्यासाठी काय केलं. आणि ज्याला कोणी आत घेत नाही, त्याला आधी आत घेतलं पाहिजे. पालकांनो, तुम्ही आमच्यासाठी कष्ट करता ते आम्हाला दिसतं. वर्गमित्रांनो, या २४ डिसेंबरला तुम्हीही हाताने काहीतरी करा आणि घरी द्या.

अशा थोर, प्रेमळ साने गुरुजींना माझा साष्टांग नमस्कार!

इयत्ता चौथी,
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, वारंगा फाटा